घरच्या ढिगातला खिमा-भात

खिमा-भात सोपा असतो, हे मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांतल्या एकानेही तो केलेला नव्हता. ते सगळे खाणारे होते. आमचे पप्पा त्यांतले पहिले. "एक टोप, एक डाव, काम खलास," असं ते ताटावर बसता बसता म्हणायचे, आणि तो डाव त्यांच्या ताटात रिकामा करावा की डोक्यात घालावा, या विचारात मी उभी असायचे. मागे एका मासिकात नोकरदार गृहिणींसाठी झटपट जेवण म्हणून हाच पदार्थ छापून आला होता. खिमा, आवडतील त्या भाज्या, तांदूळ. 'आवडतील त्या भाज्या' एवढं वाचलं आणि मी मासिक मिटून रद्दीत टाकलं.

आमच्या घरी भाजी आवडण्याचा प्रश्नच नव्हता. भाजी उरण्याचा प्रश्न होता.

आमचं घर वसईत, किनाऱ्याच्या बाजूच्या एका गावात, चर्चच्या मागच्या रस्त्याला. घराभोवती वाडी. वांगी, चवळी, शिराळी, भेंडी, टोमॅटो, पालक, कांद्याची पात, आणि कडेला मोगऱ्याची झुडपं. ही भाजी आई आणि माझी थोरली बहीण पाट्यांत भरून मुंबईला न्यायच्या आणि डोक्यावरून दारोदार विकायच्या. रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, म्हणून विकायला सुट्टी. पण दुपार झाली की सोमवारच्या मालाची तोडणी सुरू व्हायची, आणि तोडणी झाली की आई पडवीत गोणपाट अंथरून निवडायला बसायची.

ती तीन ढीग करायची. पहिला ढीग 'वरची'. ही भाजी पाटीत सगळ्यात वर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसेल अशी. दुसरा 'खालची', म्हणजे चांगलीच, पण एखादी शेंग वाकडी, एखादं वांगं बेढब. आणि तिसरा ढीग 'घरची'. घरची म्हणजे जून झालेली भेंडी, जी मोडायला गेलं तर वाकते पण मोडत नाही. घरची म्हणजे तडकलेले टोमॅटो, ज्यांच्या भेगेत बुरशीचा पांढरा कापूस धरलेला असतो. घरची म्हणजे पिवळा पालक, आत पोकळ झालेली शिराळी, आणि भोक पडलेली वांगी. भोक पडलेलं वांगं ज्यांनी चिरलंय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी चिरलेलं नाही त्यांनी सुखी राहावं.

याला कंजूषपणा म्हणू नका. आई कंजूष नव्हती. दारी आलेल्याला तिने कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. पण तिच्या लेखी चांगली भाजी ही खायची वस्तूच नव्हती. सोनार काही दुकानातले दागिने घालून झोपत नाही, तसं. आमच्या आळीत सगळ्याच घरांत ही रीत होती आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. मला वाटायचं. घरच्या ढिगासमोर विळी घेऊन रोज मी बसायचे, आई नाही. अळी काढायची, तिने केलेलं काळं भुयार कोरून काढायचं आणि उरलेलं वांगं टोपात टाकायचं. कितीही कोरलं तरी एखादा काळा कण राहायचाच. जेवताना मी ताटात बोटाने शोधून शोधून तसे तुकडे कडेला लावायचे. आई बघायची आणि म्हणायची, "राजाची लेक जेवाला बसली." आमची घरची बोली खरं तर याहून पुष्कळ वेगळी आहे. ती जशीच्या तशी लिहिली तर चार गावं पलीकडच्या माणसालाही कळायची नाही, म्हणून इथे तिचा नुसता वास ठेवते.

मांसाचंही तेच. आम्ही बीफ खायचो कारण ते परवडायचं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि मिरवण्यासारखंही नव्हतं. रविवारी खिमा आणायला मला पाठवायचे. मिस्सा सुटल्यावर लगेच जाऊ नको, गर्दी असते, असं आई सांगायची. गर्दीचं नुसतं निमित्त होतं. दुपारी दुकान धुवायच्या आधी गेलं की खाटीक सकाळपासून कापलेल्या तुकड्यांच्या कडा, पडदे, चरबीच्या चिंध्या, जे जे कुणी नको म्हणून ठेवून गेलं ते ते सगळं एकत्र करून यंत्रातून काढायचा, आणि तो खिमा स्वस्तात मिळायचा. यंत्राच्या तोंडातून तो लाल-पांढरा गोळा बाहेर यायला लागला की मी भिंतीवरच्या मेरीमातेच्या कॅलेंडरकडे बघत राहायचे. शेवटी आत अडकलेलं तो अंगठ्याने ढकलायचा. त्याच अंगठ्याने माश्या हाकलायचा. डबा घेताना माझ्या बोटाला जे काही लागायचं, ते बोट मी घरी येईपर्यंत बाकीच्या बोटांपासून लांब धरून चालायचे.

म्हणजे बघा, लोकांनी नाकारलेलं मांस आणि लोकांना दाखवता न येणारी भाजी. दोन्ही एका टोपात आणि वर झाकण. याला सगळे सोपं जेवण म्हणायचे.

कृती सांगायची तर खिमा चाळणीत धुवायचा, हळद-मीठ लावून एक उकळी काढून ठेवायची, कारण फ्रिज नव्हता आणि जेवण संध्याकाळचं. उकळी आली की वर करडा फेस येतो. तो डावाने काढून टाकायचा. माझ्या कॉलेजच्या वर्षांची आठवण काढली की मैत्रिणी नि नाटकं आठवायच्या आधी मला तो फेस दिसतो. मग कांदा, आलं-लसूण, उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत दाबून भरलेला मसाला, खिमा, कोरलेल्या भाज्या, तांदूळ, पाणी. शिजायला लागलं की वास सुटायचा, आणि चीड याची की वास चांगला यायचा. त्या मसाल्यात चप्पल शिजवली असती तरी शेजारचे विचारायला आले असते, आज काय केलंय म्हणून. पप्पा दोनदा भात घ्यायचे, बोटं चाटायचे आणि मग ती बोटं लुंगीला पुसायचे. मी दुसरीकडे बघायचे.

स्टेशनच्या बाजूला भराभर इमारती उठायला लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. बहिणीला एक स्थळ आलं. मुलगा मुंबईत ऑफिसात, वडील वारलेले, मायलेक दोघंच, राहायला नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. मूळचे आपल्यातलेच, शेजारच्या गावचे, पण वाडी कधीच विकून टाकलेली. मुलाच्या आईने आयुष्यात मातीत हात घातला नव्हता आणि हे ती आवर्जून सांगायची.

बहिणीला ते स्थळ हवं होतं. मुलगा काळा की गोरा, हेही तिने नीट विचारलं नाही. मी चिडवायला गेले तर सरळ म्हणाली, "मला त्या घरात काय नको. पाटी नको, बस."

तिचं डोकं ज्याने बघितलं असेल त्याला हे कळेल. पाटीखाली डोक्यावर कापडाची गुंडाळी ठेवतात, तिला चुंबळ म्हणतात. दहावी झाल्यापासून बहिणीच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पाटी. टाळूवरचे केस घासून घासून इतके विरळ झाले होते की उन्हात उभी राहिली तर खालची कातडी चमकायची. फोटो काढायला गेली तेव्हा बाजूचे केस वर ओढून, पाणी लावून, पिना खोचून तिने ती जागा झाकली होती. आईचंही तसंच होतं, पण आईच्या डोक्यावर पदर असायचा. मी कॉलेजात होते म्हणून माझी वेणी शाबूत होती. घरातल्या एकीने शिकायचं आणि एकीने पाटी घ्यायची, हे ठरलेलं होतं. ठरवताना आम्हा दोघींना कुणी विचारलं नव्हतं.

मुलाच्या आईचा निरोप आला की रविवारी संध्याकाळी येतो, बोलणी करू, जेवूनच जाऊ. "आणि काही खास करू नका हं. खिमा-भात करा, तुमच्या वाडीवरच्या भाजीचा. फ्लॅटमध्ये ती चवच येत नाही." हा निरोप ऐकून पप्पांना केवढा आनंद झाला. साधी माणसं आहेत म्हणाले. मला त्या बाईचा तिथूनच वीट आला. ज्यांना चार दिवसांतून एकदा हौस म्हणून गावची चव लागते, त्यांना ती रोजच्या रोज खायला लावली पाहिजे.

तो रविवार आला. मी खिमा आणला, तेवढ्यापुरती लवकर गेले आणि खाटकाला समोर उभं राहून चांगल्या तुकड्याचा काढायला लावला. आईने ते चालवून घेतलं. भाजीची वेळ आली तेव्हा मात्र आईने नेहमीसारखा तिसरा ढीग सुपात भरला आणि सूप माझ्याकडे सरकवलं. मी सुपाकडे बघितलं. भोकाची वांगी, फुटके टोमॅटो, दोऱ्या झालेल्या शेंगा.

"आज तरी वरची घेऊ," मी म्हटलं.

"ती उद्याची हाय."

"पाहुणे येताहेत."

"मग? शिजल्यावर कोनाला कळतं?"

ती रागावली नव्हती, अडूनही बसली नव्हती. तिला खरोखर समजत नव्हतं की मी काय मागतेय. मुलीचं लग्न ठरवायला लोक येताहेत आणि हिच्या डोक्यात उद्याच्या पाटीची वरची बाजू. मला असा संताप आला की ती विहिरीवर हातपाय धुवायला गेल्याबरोबर मी उठले आणि पहिल्या ढिगातून उचलायला लागले. कोवळी चवळी, नखाएवढी भेंडी, लालबुंद टोमॅटो, चकचकीत वांगी. ओटीत मावतील तेवढी घेतली.

दारात बहीण उभी होती. नवी साडी नेसलेली, टाळूवरच्या जागेवर मोगऱ्याचा गजरा घट्ट बसवलेला. मला वाटलं ही हसेल, निदान गप्प बसेल. हिच्यासाठीच तर चाललं होतं. ती पुढे आली आणि माझ्या ओटीतून एकेक वस्तू काढून जागच्या जागी ठेवायला लागली, चवळी चवळीत, वांगी वांग्यांत, देठ एका बाजूला करून.

"ठेव गं," ती म्हणाली. "उद्या कमी पडंल."

पाटी नको म्हणणारी हीच. मी विळीवर बसले आणि अळ्या काढल्या. त्या दिवशी जितक्या काळजीने काढल्या तितक्या कधी काढल्या नसतील, आणि जितक्या शिव्या मनात दिल्या तितक्याही.

पाहुणे आले, मुलगा आणि त्याची आई. मुलाच्या आईने पडवीत पाऊल ठेवलं आणि ढीग बघून हात जोडले. "अय्या, किती फ्रेश! अहो, आम्ही बाजारातून आणतो ते काय असतं? कचरा." मग ती प्रत्येक ढिगाशी वाकली, वांगं उचलून फिरवून बघितलं, परत ठेवलं. आत येऊन बसल्यावर बहीण पाणी घेऊन आली तेव्हाही तिने तसंच केलं. हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडे वळवला, हात उलटा करून तळवा बघितला, गजऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. आई वांग्याचं भोक शोधताना असंच बघते. मी चहाचे कप भरताना माझी वेणीही तिने हातात घेऊन तोलली. "केवढी जाड गं! काय लावतेस?" मी म्हटलं, "खोबरेल." तिचे हात मऊ आणि जरा ओलसर होते. वेणी मी नंतर पदराने पुसली.

जेवायला बसलो. पप्पांनी जेवणाआधीचा आशीर्वाद म्हटला आणि मी टोप उघडला. त्या बाईने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि मान हलवली. "हीच ती चव. ताज्या भाजीची. शहरात काय मेलं मिळतं!" तिच्या घासात जून भेंडी होती. मला दिसत होतं, ती चावते आहे आणि तुटत नाही. ती चावत राहिली, गिळली, आणि परत म्हणाली, "फ्रेश आहे ना, म्हणून जरा करकरीत लागते." घाण खाणाऱ्याची किळस येतेच, पण घाण खाऊन वर तिचं कौतुक करणाऱ्याची जी येते ती वेगळी. आई समोर बसून पदराने घाम पुसत होती आणि समाधानाने हसत होती. तिचं म्हणणं खरं ठरलं होतं ना. शिजल्यावर कोणाला कळतं?

कळलं एकट्या मुलाला. त्याने वांग्याचा एक तुकडा बोटाने उलटा केला, थोडा वेळ बघितला आणि भाताखाली सारला. जेवण संपेपर्यंत मी बहिणीकडे बघितलंच नाही, कारण माझी खात्री झाली होती की एका राहून गेलेल्या काळ्या कणापायी तिचं लग्न मोडलं.

निघताना त्या बाईने पर्समधून घडी केलेली कापडी पिशवी काढली. "थोडी भाजी द्या हं, आठवण म्हणून." आणि आईने काय केलं? पहिल्या ढिगात दोन्ही हात घातले आणि पिशवी गळ्यापर्यंत भरली. कोवळी चवळी, नखाएवढी भेंडी, तीच जी बहिणीने माझ्या ओटीतून काढून परत लावली होती. क्षणभरही विचार केला नाही. घरात खायला बसलेल्या पाहुण्याला घरची, आणि दाराबाहेर नेणाऱ्याला वरची, असा तो हिशेब होता, आणि आईला त्यात काहीच विचित्र वाटत नव्हतं. मला वाटलं आपण या घरात जन्मलो हेच चुकलं, बाहेरून पिशवी घेऊन यायला हवं होतं.

आठवडाभर निरोप नाही. बहीण रोज पहाटे पाटी घेऊन जात होती आणि परत आल्यावर आधी विचारत होती, कुणी आलं होतं का. पप्पा म्हणायचे, मोठी माणसं, वेळ लागतो.

पुढच्या रविवारी दुपारी ती बाई एकटीच आली. आम्ही तिघी पडवीत होतो. आई निवडत होती, बहीण पालकाच्या जुड्या बांधत होती, मी खिम्याचा फेस काढून नुकती बाहेर आले होते. बाईच्या हातात तीच कापडी पिशवी होती. धुऊन, इस्त्री करून आणली होती.

ती आईजवळच्या खुर्चीत बसली. बहीण दोन हातांच्या अंतरावर बसली आहे हे तिला दिसत होतं, तरी तिने आवाज कमी केला नाही. "स्पष्ट बोलते हं, राग मानू नका. मोठी गुणाची आहे, कामसू आहे, प्रश्नच नाही. पण तिचे केस बघितलेत का तुम्ही? आत्ताच हे, तर पुढे काय? आणि वजन घेऊन घेऊन मान बसलीये तिची, कंबरेचं काय सांगता येतं? उद्या मुलंबाळं व्हायची. धाकटी आम्हाला चालेल. शिकलेली आहे, फ्रेश आहे. मुलालाही विचारलं मी."

म्हणजे वांग्याचं निमित्त नव्हतंच. आठवडाभर मी त्या काळ्या कणाला शिव्या देत होते, आणि बाईने भोक भलतीकडेच शोधून काढलं होतं. बहिणीच्या हातातली जुडी बांधून झाली होती तरी ती सुतळीला आणखी वेढे देत राहिली. तोंड उघडून मी त्या बाईला काय म्हणणार होते ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण आई आधी बोलली.

"पिशवी द्या हिकडं."

बाईने आनंदाने पिशवी दिली. आईने ती मांडीवर उघडली आणि भरायला घेतली. मी बघत होते म्हणून मला दिसलं. तिचा हात तिसऱ्या ढिगात गेला. एक भोकाचं वांगं. दुसरं. फुटके टोमॅटो, फूट खालच्या बाजूला येईल असे रचून. वाकणारी भेंडी. पोकळ शिराळी. इतकी वर्षं निवडत आलेली आई, तिचा हात अंधारातही चुकला नसता. तिसरा ढीग तिने शेवटच्या पिवळ्या पानापर्यंत पिशवीत भरला, वर पालकाची एक जुडी ठेवली आणि पिशवी बाईच्या हातात दिली.

"अय्या, एवढी कशाला! आणि किती फ्रेश!" बाई म्हणाली. "मग विचार करून कळवा हं."

"कळवतो," आई म्हणाली.

बाई गेली. फाटकाची कडी वाजली. पिशवी जड होती, त्यामुळे ती एका बाजूला कलून चालत होती. बहिणीने पुढची जुडी हातात घेतली.

शेवटी मलाच बोलावं लागलं, कारण आत खिमा शिजून तयार होता आणि पप्पा यायची वेळ झाली होती. "घरची सगळी तिला दिलीस. आता खिम्यात काय घालू?"

आईने सूप ओढलं, पहिल्या ढिगाजवळ नेलं आणि भरलं. हाताने नाही, ढीगच सुपात लोटला. "ह्यातली घे."

मी उभीच राहिले.

"घे म्हनते ना."

मी विळीवर बसले. चवळी बोटांत धरली तर कट्कन मोडत होती. वांगं उभं चिरलं, आत पांढरं, बिया कोवळ्या, कुठे भुयार नाही. विळीला थांबायचं कारणच उरलं नव्हतं. इतकी वर्षं जे मागितलं ते हातात आलं होतं, आणि मला कसला म्हणून आनंद झाला नाही. उलट हात चालेना. बहिणीच्या नावाने त्या बाईने जे म्हटलं ते ऐकल्याशिवाय ही भाजी आमच्या टोपात येणार नव्हती, हे कळत होतं, आणि त्या स्वच्छ वांग्याचीही मला किळस आली.

जेवायला चौघं बसलो. पप्पांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण आमचे चेहरे बघून त्यांनी आशीर्वाद भराभर उरकला. मी पहिला घास घेतला. चव तीच. तोच मसाला, तोच खिमा, तोच भात. मी मुद्दाम भाजीचे तुकडे वेगळे करून खाल्ले, तरी तीच. मला आईचा फार राग आला, कारण तिचं म्हणणं परत एकदा खरं निघालं होतं. बहिणीने दोन घास खाल्ले, तिसऱ्याला थांबली आणि बोटाने एक तुकडा वर उचलून बघितला.

"ही वरची हाय," ती म्हणाली. "उद्या पाटीत काय न्यायचं?"

"उद्या तू यायची नाय," आई म्हणाली. ती भात कालवत होती, मान वर केली नाही. "उद्यापासून नाय."

"मग तू एकटी?"

आईने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "ही येल."

"माझं कॉलेज?" मी म्हटलं. पप्पाही काहीतरी म्हणायला लागले, शिक्षण, वर्ष, असं काहीतरी. आईने त्यांना बोलू दिलं आणि ते बोलायचे थांबल्यावर आधी बहिणीच्या डोक्याकडे बघितलं, मग माझ्या वेणीकडे.

"हिच्या डोक्यावर केस हायेत अजून," ती म्हणाली आणि जेवायला लागली.

बहीण उठली. मला वाटलं ती माझ्या बाजूने काही बोलेल. तिने हात धुतले, पडवीत गेली, आणि खुंटीवरची तिची चुंबळ काढून आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. ती धुतलेलीही नव्हती. तेलाचा आणि वर्षानुवर्षांच्या घामाचा वास येत होता, आणि कापडाच्या वळ्यांत तिचे लांब केस अडकून राहिले होते. मी ताट सरकवलं नाही. भात संपवला. त्या दिवशी ताटात कडेला लावण्यासारखं काहीच नव्हतं.